घरगुती आकडीसाठी धातूची निवड

किल्लीशिवाय कुलूप उघडायला दोन वस्तू लागतात. पहिली आकडी, म्हणजे किल्लीच्या भोकातून आत जाऊन कुलपाच्या पोटातल्या पिना एकेक करून वर उचलणारी बारीक पट्टी. दुसरी ताणपट्टी, म्हणजे कुलपाच्या गाभ्याला हलका पीळ देऊन धरणारी, काटकोनात वाकवलेली पट्टी. दोन्ही वस्तू तयार विकत मिळतात. विकत घेणाऱ्याला मात्र या छंदाच्या पंगतीत पहिल्या पानाला बसवत नाहीत. मान असतो तो आकडी घरी घडवणाऱ्याला, आणि त्याहून अधिक मान असतो तो ती कोणत्या धातूची घडवावी याचा अजून विचार करत असलेल्याला.

प्रस्तुत विवेचन या विचारापुरतेच आहे. प्रत्यक्ष कुलूप उघडणे हा पुढचा टप्पा असून तिथवर पोचणारे थोडे. या विषयावर लेख लिहिणारे तर त्यांतही मोडत नाहीत.

हा छंद चोरांचा नव्हे. चोराला वेळ नसतो. तो पहार घेतो आणि कडीकोयंडा उचकटून मोकळा होतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये १९९७ साली या खेळाचा क्लब निघाला, तेव्हापासून कुलूप उघडणे हा अनेक देशांत रीतसर खेळ झाला आहे. त्याचे नियम दोन. कुलूप स्वतःचे असावे, आणि ते वापरात नसावे. पहिला नियम नीतीचा आहे. दुसरा नियम रविवारी संध्याकाळी घराच्या मुख्य दाराच्या कुलपात आकडीचे टोक मोडून बसलेल्यांच्या कुटुंबीयांनी सुचवला असावा.

या खेळाचा मूळपुरुष आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन. लंडनला १८५१ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तो इंग्लंडात आला आणि त्याने चबचे नावाजलेले लिव्हर कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवले. पाठोपाठ त्याने ब्रामाच्या कुलपाला हात घातला. हे कुलूप उघडणाऱ्याला २०० गिन्यांचे बक्षीस होते आणि सुमारे सहा दशके ते कुणी जिंकले नव्हते. हॉब्जला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. आजच्या छंदिष्टांमध्ये हा आकडा आदराने सांगितला जातो. आदर त्या चिकाटीबद्दल असतो. कारण ५१ तासांत आजच्या छंदिष्टाचे स्टेनलेस की कार्बन स्टील एवढेही ठरत नाही.

धातूकडून नेमके काय हवे, हे कळण्यापुरते कुलपाचे अंतरंग पाहणे आवश्यक आहे. आपल्या नेहमीच्या दातेरी किल्लीच्या कुलपात पाच-सहा पिना स्प्रिंगांनी खाली दाबलेल्या असतात. योग्य किल्ली घातली की प्रत्येक पिन हवी तेवढीच उचलली जाते आणि गाभा फिरतो. किल्ली नसताना हे काम शक्य होते ते कारखान्याच्या चुकीमुळे. पिनांची भोके कितीही जपून पाडली तरी ती केसाच्या अंतराने मागेपुढे होतातच. त्यामुळे गाभ्याला पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एखादीच अडकते. ती आकडीने उचलली की बारीकशी टिचकी जाणवते, गाभा तसूभर फिरतो आणि पुढची पिन अडकते. ही टिचकी कानापेक्षा बोटांना आधी कळते, आणि बोटांपर्यंत ती धातूतूनच येते. म्हणून धातू ताठ हवा, लवचीक हवा, मोडणारा नको, आणि भोकात मावेल इतका पातळ हवा. बहुतेक आकड्या अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीच्या असतात. एवढ्या अटी घालून स्थळ पाहणाऱ्याचे लग्न जसे लांबते, तशी आकडी लांबते.

ताठपणाबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पोलादाला पाणी दिले, म्हणजे तापवून एकदम थंड केले, की ते अधिक ताठ होते असे छंदिष्ट छातीठोकपणे सांगतो. तसे होत नाही. मऊ लोखंड काय आणि स्प्रिंगचे पोलाद काय, सारख्या मापाच्या पट्टीवर सारखे वजन टांगले तर दोन्ही जवळपास सारखीच वाकतात. फरक वजन वाढवून मग काढल्यावर दिसतो. स्प्रिंगचे पोलाद पुन्हा सरळ होते, मऊ लोखंड वाकलेलेच राहते. पितळ पोलादाच्या निम्मे ताठ आणि अ‍ॅल्युमिनियम एक तृतीयांश; म्हणून ते दोन्ही स्पर्धेतून आधीच बाद.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, पण ती धातूशी संबंधित नसल्याने तिच्याकडे कुणी पाहत नाही. आकडी पिन वर उचलते तेव्हा जोर तिच्या उंचीच्या दिशेने येतो, आणि ताठपणा उंचीच्या घनाने बदलतो. म्हणजे दांडीची उंची निम्मी केली तर ताठपणा आठवा हिस्सा उरतो. छंदिष्ट कानस घेऊन बसतो, दांडी नाजूक दिसावी म्हणून आणखी थोडी, मग आणखी थोडी घासतो, आणि पहिल्याच कुलपात ती वाकली की म्हणतो, "मटेरियलच भिकार आहे." त्यानंतर नव्या धातूचा शोध सुरू होतो.

हा शोध घराबाहेर जाण्याआधी घरात होतो. पुढील क्रम धातूच्या गुणवत्तेनुसार नसून घरातल्या कलहाच्या तीव्रतेनुसार लावला आहे. योगायोगाने दोन्ही क्रम बरेचसे जुळतात.

कागदाची क्लिप. ही मऊ पोलादी तारेची असते. ती कागद धरण्यासाठी केली आहे, आणि कागद प्रतिकार करत नाहीत. छंदिष्टांमध्ये क्लिपचे नाव काढणे हलकेपणाचे समजतात. याच क्लिपने आणि एका लहान स्क्रूड्रायव्हरने भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अलामोसच्या अणुबाँब प्रकल्पात कुलपे उघडत असत. हे निदर्शनास आणून दिल्यावर उत्तर मिळते, "ते फाइनमन होते." क्लिपमुळे घरात कलह होत नाही, कारण ती ऑफिसातून आणलेली असते.

केसांची पिन. चित्रपटांतल्या नायिकेने हिच्या जोरावर आजवर असंख्य दारे उघडली आहेत, तीही एका झटक्यात आणि ताणपट्टी न वापरता. प्रत्यक्षात पिनेच्या टोकांवर प्लास्टिकचे थेंब असतात, ते आधी दातांनी काढावे लागतात. तार लवचीक असली तरी ती सरळ करताना मधल्या वळणावर कमजोर होते आणि बहुधा तिथेच तुटते. कलह मध्यम असतो.

"माझ्या पिना कुठं जातात कळत नाही," असे घरातून येते.

"हल्लीच्या पिनांत दमच नाही," असे उत्तर गेले, की पिना कुठे जातात ते कळते.

छत्रीची काडी. काळ्या, लांब दांड्याच्या छत्रीच्या पोलादी काड्या पन्हाळीच्या आकाराच्या असतात. त्यांना कानशीने आकार देता येतो आणि त्या बऱ्यापैकी टिकतात. तीन घडीच्या छत्रीत मात्र काही काड्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या निघतात, आणि हे छत्री मोडल्यावरच समजते. पोलादी काडी मिळाली तरी ती पीळ पडून फिरते. या धातूची खरी परीक्षा जून महिन्यात होते. कुलूप उघडत नाही आणि छत्री मिटत नाही, अशी अवस्था पाहून घरातले ज्येष्ठ पावसात तसेच निघतात. ते काही बोलत नाहीत, पण घरात सर्दी होईल तिचे खापर कुणावर फुटणार हे ठरलेले असते.

गजराच्या घड्याळाची स्प्रिंग. किल्ली देण्याच्या जुन्या घड्याळातली मुख्य स्प्रिंग म्हणजे उत्तम प्रतीचे, रीतसर पाणी दिलेले पोलाद. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ माळ्यावर असते आणि "नाही तरी ते बंदच आहे" हा युक्तिवाद तयार असतो. स्प्रिंग गुंडाळलेली असताना मागचे झाकण उघडले की ती स्वतःहून बाहेर येते. येते म्हणजे खोलीभर होते. सगळी चाके सोफ्याखाली गेल्यानंतर लक्षात येते की पट्टी हवी त्याहून पातळ आहे. ही पट्टी आकडीला चालत नाही, आणि घड्याळ तर आता नक्कीच चालत नाही.

वायपरची पट्टी. मोटारीच्या साध्या वायपरमध्ये रबराच्या दोन्ही कडांना स्टेनलेसच्या अरुंद पट्ट्या असतात. ताणपट्टीसाठी याहून चांगला फुकट माल दुसरा नाही. रुंदी योग्य, जाडी योग्य, गंजण्याची भीती नाही, आणि पक्कडीत धरून बेताने वाकवली तर न तापवताही काटकोन येतो. म्हणून जुने वायपर गॅरेजमधून मागून आणावेत, अशी शिफारस जाणकार करतात. छंदिष्ट गॅरेजपर्यंत जात नाही. इमारतीच्या खालीच गाडी उभी असते. पट्टी काढलेला वायपर वरून तसाच दिसतो. तो तसा नाही, हे खंडाळ्याच्या घाटात, धुक्यात, मेहुण्याची गाडी असताना उघड होते.

फिलर गेज. मेकॅनिकजवळ पात्यांचा एक जुडगा असतो, प्रत्येक पात्यावर जाडी छापलेली असते. ही पाती पाणी दिलेल्या स्प्रिंगच्या पोलादाची असतात आणि जाडी शंभराव्या हिश्श्यापर्यंत अचूक असते. आकडीसाठी हा आदर्श धातू. लांबी पुरेशी, रुंदी बेताची, आणि ०.५० किंवा ०.६० मिलिमीटरचे पाते काढले की भोकात मावेल की नाही ही शंकाच संपते. अडचण एवढीच, की नेमक्या याच जाडीच्या पात्याने मेकॅनिक स्पार्क प्लगचा गॅप पाहतो.

"साहेब, ह्यातलं साठचं पान तुम्ही घेतलं का?"

"उसनं घेतलंय."

"मग आणा की."

"आणतो, पण त्याला आता जरा हूक आलाय."

असा संवाद झाल्यानंतर त्या गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्तीला नेण्याचा मार्ग बंद होतो. नवा जुडगा हार्डवेअरच्या दुकानात फार महाग नसतो. पण विकत घेतलेल्या धातूची आकडी ही अर्धी विकत घेतलेली आकडी, असे छंदिष्टाचे मत असते.

हॅक्सॉ ब्लेड. लोखंड कापायचे हे पाते सुमारे ३०० मिलिमीटर लांब, १३ मिलिमीटर रुंद आणि ०.६५ मिलिमीटर जाड असते. म्हणजे मापाने ते आकडीसाठीच जन्माला आले आहे. त्याचे दोन मुख्य प्रकार. पहिला पूर्ण हायस्पीड स्टीलचा. हे पोलाद तापून लाल होण्याच्या बेतात आले, म्हणजे सुमारे ६०० अंशांपर्यंत गेले, तरी कडकपणा सोडत नाही. पण वाकवले की काडकन मोडते. दुसरा बायमेटल. यात फक्त दाते हायस्पीड स्टीलचे असतात आणि पाठ स्प्रिंगच्या पोलादाची. दाते घासून टाकायचे आणि पाठ वापरायची. आकडीसाठी दुसरा प्रकार उत्तम. दुकानात मात्र हे समजावणे सोपे नसते.

"ब्लेड कशासाठी हवंय? पाइप का अँगल?"

"कापायला नकोय. ब्लेडच कापायचंय."

"ब्लेड कापायला ब्लेड लागत नाही साहेब, ग्राइंडर लागतो. देऊ ग्राइंडर?"

इथे छंदाचा खर्च ब्लेडवरून ग्राइंडरवर जातो. ग्राइंडर आला की चष्मा, चष्मा आला की शिकंजा, आणि शिकंजा बसवायला टेबल. चाळीस-पन्नास रुपयांच्या पात्याचा सन्मान राखण्यासाठी गॅलरीत कारखाना उभा राहतो. यातला चष्मा मात्र खरोखरच अनिवार्य आहे. कडक पाते शिकंज्यात मोडताना तुकडा कुठे जाईल याचा भरवसा नसतो. शेजारच्या गॅलरीतल्या वाळवणात तो सापडल्याची नोंद आहे.

रस्ता झाडण्याच्या यंत्राची काडी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या वर्तुळात १९९१ साली लिहिले गेलेले एक मार्गदर्शक या छंदात पोथीच्या जागी आहे. त्यात आकडीसाठी रस्ता झाडणाऱ्या यंत्राच्या ब्रशातून गळून पडलेल्या पोलादी काड्यांची शिफारस केली आहे. काडी चपटी, स्प्रिंगच्या पोलादाची आणि फुकट. ही शिफारस वाचून छंदिष्ट खराट्याकडे पाहतो आणि आपल्या देशाच्या प्रगतीविषयी खिन्न होतो. अर्थात मोठ्या शहरांतल्या महापालिकांकडे आता अशी यंत्रे आहेत. ती पहाटे फिरतात. छंदिष्ट त्यांच्यामागून, रस्त्याच्या कडेने, मान खाली घालून चालतो.

आपल्याकडे कुणी मान खाली घालून रस्त्यावर काही शोधू लागला तर त्याला एकटे सोडण्याची पद्धत नाही. आधी फिरायला निघालेले एक काका थांबतात.

"काय, हरवलं काय?"

"नाही, सहज."

"सोन्याचं होतं का?"

एवढ्यात दूधवाला सायकल लावतो, दोन भगिनी मोबाइलचा टॉर्च लावतात आणि एक जण आपल्या मावशीच्या हरवलेल्या कुड्यांची गोष्ट सुरू करतो. अखेर काडी सापडते. गंजलेली लोखंडाची काडी पाहून जमाव अपेक्षाभंगाने पांगतो, आणि त्या परिसरात छंदिष्टाची ओळख कायमची ठरून जाते.

घरातले आणि रस्त्यावरचे धातू संपले की बाजार येतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार यासाठी प्रसिद्ध आहे. खोकी बांधण्याच्या पोलादी पट्ट्या, करवतींची जुनी पाती, बिनमुठीच्या पटाशा असा माल तिथे दिसतो. छंदिष्ट खिशातून लोहचुंबक काढतो. चुंबक चिकटला नाही तर स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे स्टेनलेस, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे, हे तो जाणतो. हे स्टेनलेस मऊ असते. डाव वाकला तर वाकलेलाच राहतो, ही त्याची घरोघरी सिद्ध झालेली परीक्षा. हवे असते ते ३०१ क्रमांकाचे पूर्ण कडक स्टेनलेस. ते तापवून कडक होत नाही, उलट तापवले तर मऊ पडते. थंड असतानाच रुळांखालून दाबून काढल्याने त्याला कडकपणा येतो, आणि या दाबामुळेच त्याला चुंबकही थोडासा चिकटू लागतो. छंदिष्ट हे सगळे विक्रेत्याला सांगतो. विक्रेता शांतपणे ऐकतो आणि पट्टी फरशीवर आपटून तिचा आवाज ऐकवतो.

"कडक आहे. घ्यायची तर घ्या, वीस रुपये."

छंदिष्टाला धातूंचे क्रमांक ओळखता येतात आणि विक्रेत्याला धातू. व्यवहार पंधरा रुपयांत होतो.

हाच ३०१ पत्रा नवा घ्यायचा तर मुंबईच्या धातूबाजारात चौकशी करावी लागते. तिथे प्रश्न असतो, "किती माल पाहिजे?" आणि "एक फूट" हे उत्तर पेढीवर विनोद म्हणून आठवडाभर पुरते.

धातू निवडल्यावर त्यावर संस्कार करण्याची इच्छा अनावर होते. वास्तविक ब्लेड, फिलर गेज किंवा कडक स्टेनलेस यांना आधीच योग्य कडकपणा असतो. तो जपणे एवढेच काम. ग्राइंडरवर धरलेली पट्टी दर काही क्षणांनी पाण्यात बुडवावी. साध्या कार्बन स्टीलवर आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा आणि अखेर निळा रंग चढतो. पिवळा सव्वादोनशे अंशांच्या आसपास येतो आणि निळा तीनशेच्या. निळ्याच्याही पुढे गेले की पाणी उतरले, धातू मऊ पडला. हाताला चटका बसला की बुडवावे, हा नियम सगळ्यांत सोपा. तो पाळला तर पुढील परिच्छेदाची गरज पडत नाही.

तो पाळला जात नाही. त्यामुळे पाणी उतरलेल्या पट्टीला नव्याने पाणी देण्याचा कार्यक्रम स्वयंपाकघरात होतो. कार्बन स्टील ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचे. तेवढे तापले की नाही हे ओळखण्याची युक्ती जुनी आहे. सुमारे ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. मग आणखी थोडे तापवायचे. चुंबक फ्रिजवरून घेतला जातो. फ्रिजवरचा चुंबक बहुधा एखाद्या देवस्थानाहून आणलेला, प्लास्टिकच्या मूर्तीचा असतो. लाल पट्टीजवळ तो नेल्यावर चुंबकाचे काय झाले हे समजण्याआधी मूर्तीचे काय झाले ते समजते. त्यानंतर पट्टी शेंगदाण्याच्या तेलात जाते. चर्र आवाज होतो, धूर होतो, आणि जिन्यावरून विचारणा येते, "भजी वाटतं?"

तेलातून निघालेली पट्टी अत्यंत कडक आणि तितकीच ठिसूळ असते. ती पुन्हा निळसर होईपर्यंत मंद तापवून लवचीक करावी लागते. हा टप्पा सहसा राहतो, कारण तोवर घरात तेलाचा विषय निघालेला असतो. टेबलावरून खाली पडून दोन तुकडे झालेल्या आकड्या या टप्प्यावरच्या असतात.

यानंतर घासकाम. आकडीच्या कडा गोल नसतील तर ती पिनांना अडखळत जाते आणि टिचकीऐवजी खरखर हातात येते. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून १००० च्या पुढे जावे. साध्या ब्लेडची नीट घासलेली आकडी उत्तम स्टेनलेसच्या ओबडधोबड आकडीपेक्षा कितीतरी चांगली चालते. या छंदातले हे सर्वांत उपयुक्त ज्ञान आहे. पण घासकामात सांगण्यासारखे काही नसते, आणि धातूबद्दल दोन तास बोलता येते. म्हणून ते मागे पडते.

कायद्याची बाजूही धातूच्या निवडीत येते, कारण धातू खिशात असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात समाधानकारक कारणाशिवाय घरफोडीचे साहित्य जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. झाडण्याचे यंत्र सूर्योदयापूर्वी फिरते, हे इथे लक्षात घ्यावे. गस्तीवरच्या हवालदाराने खिसे तपासले, तर एक आकडी, दोन ताणपट्ट्या, एक लोहचुंबक आणि एक कुलूप निघते.

"हे काय?"

"छंद आहे."

"कुलूप कुणाचं?"

"माझंच."

"चावी कुठाय?"

"घरी."

"स्वतःचं कुलूप, चावी घरी, आणि पहाटे पाच वाजता रस्त्यावर तुम्ही ते तारेनं उघडताय?"

"उघडत नाहीये. उघडतच नाही ते."

या उत्तरातला प्रांजळपणा कोणत्याही अनुभवी हवालदाराला पटतो. तरीही सामान घरीच ठेवावे, हे बरे.

अखेर चाचणी. अडगळीतले कुलूप टेबलावर येते आणि घरातली मंडळी जमतात. पुष्कळदा याच वेळी कळते की कुलूप पिनांचे नाही, लिव्हरचे आहे. अलिगढच्या आणि अन्य कारखान्यांची सहा-सात लिव्हरची कुलपे आपल्याकडे घरोघरी असतात. त्यांची रचना वेगळी, हत्यार वेगळे, आणि त्या हत्याराला लागणारी पट्टीही वेगळी, बरीच जाड. छंदिष्ट निराश होत नाही. जाड पट्टी म्हणजे नवा धातू, आणि नवा धातू म्हणजे पुन्हा जुना बाजार. त्याच्या चेहऱ्यावर समाधानच दिसते.

कुलूप पिनांचे निघाले तर त्याला खरोखर आकडी चालवावी लागते. पीळ नेहमीप्रमाणे जास्त दिला जातो, सगळ्या पिना घट्ट बसतात, आणि कुलूप ढिम्म हलत नाही. पीळ बोटाच्या वजनाइतकाच असावा, ही गोष्ट कोणत्याही धातूत नसते, ती हातात यावी लागते. इतक्यात मागे उभा असलेला आठवीतला भाचा म्हणतो, "मामा, मी बघू?" तो कागदाची क्लिप सरळ करतो, टोक किंचित वाकवतो आणि एका हाताने ताणपट्टी धरून, दुसऱ्या हाताने गप्पा मारत कुलूप उघडतो.

"कुलूप जुनं झालंय, पिना झिजल्यात," असे यावर छंदिष्टाचे स्पष्टीकरण असते, आणि ते बरोबरही असू शकते.

निष्कर्षादाखल शिफारशी अशा. आकडीसाठी ०.५ ते ०.६५ मिलिमीटरचे बायमेटल ब्लेड किंवा फिलर गेजचे पाते, स्वतः विकत घेतलेले. ताणपट्टीसाठी जुन्या वायपरची पट्टी, स्वतःच्या गाडीची. दांडीची उंची राखावी, घासताना पाण्यात बुडवावे, कडा गुळगुळीत कराव्यात. एवढ्याने एका दुपारी चांगली आकडी तयार होते आणि धातूच्या निवडीचा प्रश्न संपतो. तो संपू नये अशीच बहुतेकांची इच्छा असल्यामुळे या शिफारशी वाचून छंदिष्ट मान हलवतो आणि विचारतो, "पण टायटॅनियमचं काय?"

टायटॅनियम पोलादाच्या जेमतेम निम्मे ताठ असते. ते वापरू नये.